स्तनाच्या शस्त्रक्रियेत 'ब्लॉक' मिळायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनाचा कॅन्सर काढल्यावर पहिली रात्र बाईने कण्हतच काढायची, हे आपल्याकडे गृहीत धरले जाते. पूर्ण भुलीच्या जोडीला छातीच्या नसांचा ब्लॉक, म्हणजे त्या नसा बधिर करणारे इंजेक्शन दिले, तर साधारण आठ ते बारा तास दुखणे बरेच आटोक्यात राहते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक कमी लागते, म्हणून उलट्याही कमी होतात. हिंगोली-किनवटच्या बाईला संभाजीनगरचे कॅन्सर रुग्णालय गाठणे सोपे नसते. जिथे ही शस्त्रक्रिया होते, तिथेच ब्लॉकही मिळावा.

2012 पासून माहीत असलेल्या पेक्स-2 या छातीच्या ब्लॉकमध्ये सोनोग्राफीखाली सुईचे टोक बघत आधी खालच्या थरात 20 मिली, मग सुई मागे घेऊन छातीच्या दोन स्नायूंमध्ये 10 मिली औषध सोडतात. सुई नेमकी बसली की घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे थर अलग होताना पडद्यावर दिसतात. टोक दिसत नसेल तर सुई पुढे ढकलू नये. खाली फुप्फुस आहे. उरोस्थीलगतचा भाग मात्र या ब्लॉकने बधिर होत नाही, हे आधीच सांगावे.

खरी चूक हिशेबात होते. 45 किलोच्या बाईला ब्युपिव्हॅकेन हे बधिरतेचे औषध किलोमागे 2 मिग्रॅ धरले तर एकूण 90 मिग्रॅ चालते. 0.25 टक्क्याचे 30 मिली म्हणजे 75 मिग्रॅ ब्लॉकमध्येच गेले. त्यावर सर्जननी जखमेत 0.5 टक्क्याचे 10 मिली भरले की बेरीज 125! बाई भुलीत असते. औषध जास्त झाल्याची खूण म्हणून तोंडाभोवती मुंग्या आल्या, तरी ती सांगू शकत नाही, थेट हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून मिलिग्रॅमची बेरीज फळ्यावर लिहावी आणि त्यावर उतारा असलेले 20 टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण) थिएटरमध्येच असावे. पहिला डोस किलोमागे 1.5 मिली, म्हणजे या बाईला सुमारे 68 मिली. प्रोपोफॉल हे भुलीचे औषधही पांढरे दिसते, म्हणून ते त्याच्या जागी चालत नाही.

सोनोग्राफी यंत्राला पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणी लागते. मराठवाड्यात तो कायदा कडक हवाच; पण नोंदणीची दगदग नको म्हणून यंत्रच न घेणे बरोबर नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नातेवाइकांनी आधी सांगावे, आणि ब्लॉक देणार का, हेही विचारावे. वॉर्डातल्या सिस्टरांना विनंती : ब्लॉक मध्यरात्रीच्या सुमारास उतरतो. दुखू लागण्याची वाट न बघता वजनानुसार पॅरासिटामॉल संध्याकाळपासूनच वेळेवर सुरू ठेवा.

– काही भूलतज्ज्ञ, नांदेड