खांब जमिनीत किती, ते कळू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की विजेच्या तारांवरच्या फांद्या तोडतात. खांब जमिनीत किती गेलाय, हे मात्र कोणी विचारत नाही. ढोबळ हिशेब लांबीच्या एक षष्ठांशाचा. ९ मीटरचा खांब दीड मीटर, म्हणजे जवळपास पाच फूट आत हवा. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, किंवा भाताच्या मळ्यात त्याहून खोल, आणि उतारावर माप खालच्या अंगाने घ्यायचं. अखंड कातळात थोडं कमी चालतं, पण खड्डा खांबापुरता अरुंद आणि भराव काँक्रीटचा असेल तरच.

आमच्या वाडीत खांब बसवताना तीन फुटांवर जांभा लागला आणि पहार थांबली. खांब उभा केला, उकरलेली माती एकदमच लोटली, वरून पायांनी दाबली. माती चोपायची धुम्मस कोणी आणलीच नव्हती! वीतभर थर टाकायचा, चोपायचा, मग पुढचा थर, एवढं साधं काम. पहिल्याच पावसात खांबाभोवती पाण्याचं आळं झालं आणि खांब कलला. ठेकेदाराचं बिल तोवर निघालं असणार.

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात रायगड-रत्नागिरीत हजारो खांब पडले. सगळा दोष खोलीचा नव्हे. झाडं तारांवर पडली की चांगला पुरलेला खांबही मोडतो. पण जो न मोडता बुडासकट उपटून येतो, त्याचं काय?

अमेरिकेत खांब बहुतांशी लाकडी. लाकूड कुजतं ते जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, त्यामुळे बुडाकडे तिथे बारीक लक्ष असतं. खोलीचा नियम लांबीच्या दहा टक्के अधिक दोन फूट, म्हणजे ४० फुटी खांब सहा फूट आत. शिवाय ५० फुटांपर्यंतच्या खांबावर बुडापासून दहा फुटांवर छाप असते. ४० फुटी खांबाची छाप जमिनीपासून चार फुटांवर हवी. ती डोळ्यांसमोर आली, तर खांब वरच राहिलाय हे रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतं.

आमच्या गावातल्या सिमेंटच्या खांबांवर अशी खूण मला कुठे दिसली नाही. साच्यातच बुडापासून ३ मीटरवर एक ठळक रेघ उठवायला खर्च तो किती? ९ मीटरच्या खांबावर ती जमिनीपासून दीड मीटरवर दिसली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या शिपायाने टेप लावून आकडा लिहावा, आणि त्यानंतरच ठेकेदाराचं बिल मंजूर व्हावं.

– एक वाचक, दापोली