एक हात मोकळा ठेव

मिरज,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

दसऱ्याला आलीस आणि तिसऱ्या दिवशी कोयना एक्सप्रेसनं परतही गेलीस. जाताना दारात म्हणालीस, "बाबा, मला जर्मनीला छोटीच बॅग न्यायची आहे, तेवढं आईला समजावा." तिला समजावण्याआधी मला स्वतःला पटायला हवं होतं. म्हणून गेले चार दिवस तुझी एकेक वस्तू कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर तोलून आणली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा जायचो. काल रात्री बॅग भरून झाली. मामा शुक्रवारी पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर पाठवतोय. हे पत्र बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे.

तुझ्या आईचं म्हणणं चुकीचं नाही. तिकिटात 23 किलोंची मोठी बॅग आहे, पैसे भरलेलेच आहेत, दिवाळी तिकडेच होणार, मग का नाही न्यायची? पण या बारा दिवसांच्या प्रवासात तू फ्रँकफर्टला उतरणार, विमानतळालाच लागून असलेल्या स्टेशनवरून स्टुटगार्टची गाडी पकडणार, तिथून पुढे आणखी एक गाव, आणि हे सगळं एकटीनं. तिथे लाल शर्टातला, दंडावर बिल्ला बांधलेला हमाल नाही. डब्यात चढवायचं तूच, वरच्या फळीवर ठेवायचं तूच, उतरवायचंही तूच. छोटीच ने. माझं ठाम मत आहे, आणि ते का, ते तुला नीट सांगायचंय.

माझी गार्डाची पेटी तुला आठवते ना? काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात माझं नाव. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पेट्या जाऊन ट्रॉली बॅगाही आल्यात. पण माझी सगळी नोकरी त्या पेटीवर गेली. हिरवा झेंडा, लाल झेंडे, तीन रंगांची हातबत्ती, नियमांचं पुस्तक, प्रथमोपचाराचं सामान आणि डिटोनेटरचा डबा. रुळावर लावले की चाकाखाली मोठा आवाज करून ड्रायव्हरला सावध करतात, म्हणून त्यांना आम्ही फटाके म्हणायचो. त्यात दहा. पेटीत उगाच म्हणून एक वस्तू नव्हती. तरीही गाडी मध्येच अडली आणि मागून येणाऱ्या गाडीला थांबवायला मागे चालत जायचं झालं, की ती पेटीसुद्धा डब्यातच राहायची. हातात फक्त लाल झेंडा किंवा बत्ती आणि फटाके. पहिला फटाका रुळावर 600 मीटरवर लावायचा, मग 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतर सोडून तीन. मला नोकरीत दोनदा जावं लागलं. एकदा पावसाळ्यात, रात्री, घाटात. खडीवरून पाय सरकत होता आणि डाव्या हातानं कड्याच्या भिंतीला धरून चाललो होतो. तो हात मोकळा होता म्हणून पोचलो.

गाडी सुटतानाही तसंच. ड्रायव्हरला हिरवा झेंडा दाखवायचा, गाडी हलते, आणि दुसऱ्या हातानं दांडा धरून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, चढायचं. ज्याचे दोन्ही हात अडकलेत त्यानं गाडीत चढू नये, असं माझ्या पहिल्या सीनियर गार्डनं मला शिकवलं होतं.

आणि हे सगळं ठाऊक असूनही मी 2001 साली मनमाडला चुकलो. तू चार वर्षांची होतीस. तुला ते आठवत नाही, आणि आम्ही दोघांनी तुला कधी सांगितलं नाही. औरंगाबादला मावशीचं लग्न होतं. महाराष्ट्र एक्सप्रेसनं मनमाडपर्यंत, तिथून दुसरी गाडी. लग्नघरी द्यायला म्हणून मी दहा किलो बेदाणे आणि पाच किलो हळद घेतली होती. सांगलीचं सामान न्यायचं, त्यात काय एवढं वाटलं. शिवाय दोन सुटकेस आणि एक होल्डॉल. आईच्या कडेवर तुझा धाकटा भाऊ. माझ्या दोन्ही हातांत सुटकेस, खांद्याला बेदाण्याची पिशवी. तुला सांगितलं, पिशवीचा बंद घट्ट धर, सोडू नको. पलीकडच्या फलाटावर गाडी लागलेली. पुलावर चढलो तशी समोरून दुसऱ्या गाडीची गर्दी आली. खाली उतरून मागे पाहिलं तर बंदाला तू नव्हतीस.

मी सामान तिथेच टाकून वर धावलो. पुलाच्या मधोमध एक पेरूवाली बाई टोपली खाली ठेवून बसली होती आणि तू तिच्या लुगड्याचा पदर धरून उभी होतीस. रडत नव्हतीस. मला बघून म्हणालीस, "बंद सुटला." सात-आठ मिनिटं झाली असतील. औरंगाबादची गाडी गेली, त्याचं मला काहीच वाटलं नाही. त्या दिवसापासून मी घराबाहेर पडताना एक हात रिकामा ठेवतो. तू बारावीत असताना "बाबा, ती पिशवी द्या की माझ्याकडे" म्हणून भांडायचीस आणि मी तुझ्याजवळ दुसरी द्यायचो नाही, ते त्यामुळे.

आता बॅगेविषयी. तुझी चाकांची कडक बॅग मी बाजूला काढली. ती रिकामीच 2 किलो 900 भरली. तुला हातातल्या बॅगेला सात किलो मिळतात, त्यातले जवळजवळ तीन बॅगच खाणार. ही पाठीवरची कापडी बॅग 1 किलो 200 आहे, आणि पाठीवर असली की दोन्ही हात सुटे राहतात. लॅपटॉपची पिशवी तुझ्या तिकिटावर वेगळी चालते, म्हणून लॅपटॉप इथे धरलेला नाही.

दोन्ही जीन्स काढून ठेवल्या. एक 650 ग्रॅम, आणि धुतली की त्या थंडीत दोन दिवस वाळणार नाही. जाडजूड जॅकेट आणि बूट अंगावरच घालून विमानात बस. बारा दिवसांचे बारा कपडे नेऊ नकोस. पाच दिवसांचे आहेत, दोनदा धुवायचे. सगळे निळ्या-करड्या रंगांतले निवडलेत, कुठलाही कशावरही जाईल. दिवाळीला अंगावर काही रंग हवा म्हणून आईनं तिची जांभळी ओढणी दिली आहे, 110 ग्रॅम.

टर्किश टॉवेल काढला (450 ग्रॅम) आणि त्याजागी माझा पंचा ठेवला आहे, 120. हॉटेलात टॉवेल मिळेल हे मला कळतं. पंचा कपडे वाळवायला आहे. पुण्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्युटीवरच्या गार्ड-ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या जागी, मी असंच करायचो. धुतलेला शर्ट पिळायचा, पंच्यावर पसरायचा, दोन्हीची मिळून वळकटी करायची आणि तिच्यावर गुडघा ठेवून दाबायचं. सगळं पाणी पंचा ओढून घेतो. मग शर्ट झटकून टांगला की सकाळी घालता येतो. सुती कपडा असला तरी.

पातळ पदार्थांचा नियम लक्षात ठेव. लंडनला 2006 च्या ऑगस्टमध्ये विमानं उडवायचा कट पकडला गेला, त्यानंतर तो आला. प्रत्येक बाटली 100 मिलीची किंवा त्याहून लहान, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. आत किती उरलंय ते बघत नाहीत, बाटली केवढी ते बघतात. तुझी अर्धी संपलेली 200 मिलीची शाम्पूची बाटली म्हणून काढली. टूथपेस्टही पातळातच धरतात. साबणाची वडी चालते, ती डबीत घातली आहे.

पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायची असते, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाही. कधीकधी विमान भरलेलं असलं की दारातच तुझी बॅग मागून घेतील आणि खाली टाकतील. त्या वेळी पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट आणि चष्मा आधी काढून घे. म्हणून ते चारही वरच्या कप्प्यात एकाच थैलीत ठेवलेत, अंधारातही हाताला लागतील असे. उतरल्यावर बॅग आलीच नाही तर पट्ट्यापासून बाहेर पडायच्या आधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदव आणि तिचा नंबर घे.

दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, आपला तीन पिनांचा बसत नाही. लॅपटॉपचा तीन पिनांचा आहे, त्यासाठी अडॅप्टर घातलाय. काही राहिलं तर तिथे घेता येईल. फक्त रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांमधली तेवढी उघडी मिळतील.

राहता राहिला फराळ. आईनं तुपाची बरणी आणि पेढे काढून ठेवले होते. मी तिला सांगितलं की युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तिनं ऐकलं, पण काल जेवली नाही. रात्री चंद्राला दूध दाखवलं तेव्हाही गप्प होती. मनू, तुझ्या बॅगेत काही घालता येत नाही, हे तिला सामानाचं वाटत नाही. तू पहिल्यांदा पुण्याला शिकायला गेलीस तेव्हापासून प्रत्येक खेपेला तिनं काहीतरी करून दिलंय. तिला तू फोन कर. बॅगेविषयी बोलू नकोस, तिला चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचार.

सगळं भरून बॅग काट्यावर ठेवली तेव्हा 6 किलो 400 भरली. मी तिला सांगितलं, अजून 600 ग्रॅम जागा आहे, तुला हवं ते घाल, फक्त कोरडं घाल. आज सकाळपासून ती स्वयंपाकघरात आहे. मेतकुटाची पुडी 200 ग्रॅमची झाली, पातळ पोह्यांचा चिवडा 250. उरलेल्या दीडशेत काय बसवायचं ते ठरत नाहीये, चकल्या तुटतील म्हणते. मी वाण्याकडून काटाच घरी आणलाय.

पोचलीस की स्टेशनवरून फोन कर.

तुझा,
बाबा