चित्रण आपले, कुलूप कंपनीचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सांगलीत गेली २५ वर्षे मी लग्नसमारंभांचे चित्रीकरण आणि मिक्सिंग करतो. 'फाइल कॉपी झाली आहे, पण संगणकावर उघडत नाही' अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आठवड्यातून दोन-तीन माणसे तरी येतात. फाइल खराब झाली असावी किंवा संगणकातला प्लेअर निकृष्ट असावा, असा त्यांचा समज असतो. बहुतेक वेळा या दोन्हींपैकी काहीच झालेले नसते. खरे कारण धंद्यातले आहे आणि ते ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात मार्केट यार्डातील एका हळद अडतीचे वयस्कर मुनीम पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आले. ट्रकमध्ये किती पोती भरली यावरून खरेदीदाराशी वाद सुरू होता आणि गोदामातील कॅमेऱ्याचे चित्रण हाच त्यांचा पुरावा होता. मी माझ्याकडचे चार प्लेअर लावून पाहिले. एकात हिरव्या-जांभळ्या पट्ट्या उमटल्या, बाकीच्यांनी फाइल ओळखलीच नाही. ज्या कंपनीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) होता, तिचाच प्लेअर हवा होता आणि संकेतस्थळावरचा त्याचा दुवा बंद पडला होता. 'दादा, गोदामातल्या पडद्यावर पोतं न् पोतं मोजता येतंय आणि वकिलांच्या टेबलावर नुसता काळा पडदा,' असे ते म्हणाले. शेवटी गोदामातला डीव्हीआरच उचलून आणावा लागला, तो मॉनिटरला जोडला आणि पडद्यावरचे चित्र मोबाइलने टिपून घेतले. त्या चित्रणात कोपऱ्यातली वेळ वाचता येत नाही.

हे असे का होते, ते थोडे सविस्तर सांगतो. पूर्ण एचडी चित्र सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने जसेच्या तसे साठवायचे म्हटले, तर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला नऊ जीबीहून अधिक जागा लागते. त्यामुळे ते आवळून लहान करावे लागते. आवळण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या या रीतीला कोडेक म्हणतात. आवळलेले चित्र, आवाज आणि वेळेची नोंद ज्या डब्यात एकत्र भरतात, तो एमपी४, एव्हीआय किंवा एमओव्ही. प्लेअरला डब्याची रचनाही ठाऊक असावी लागते आणि आतली रीतही. कॅमेऱ्यांच्या धंद्यात गंमत अशी, की आतले चित्र पुष्कळदा सर्वमान्य एच.२६४ रीतीचेच असते. कंपनीचा स्वतःचा असतो तो फक्त बाहेरचा डबा, आणि त्याची रचना ती कोणाला सांगत नाही. चोरी किंवा छेडछाड ओळखता यावी म्हणून असे करतो, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही, पण त्यासाठी रचना लपवून ठेवण्याची गरज मला तरी दिसत नाही.

मोठ्या कंपन्यांनीही हेच केले आहे. ॲपलचे क्विकटाइम १९९१ मध्ये आले, रिअलनेटवर्क्सचा रिअलव्हिडिओ १९९७ मध्ये, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज मीडियाची आपली स्वतंत्र रीत आणली. त्या काळी आमच्याकडच्या सायबर कॅफेत एकाच संगणकावर हे तिन्ही प्लेअर घालून ठेवलेले असत, कारण एकाची फाइल दुसऱ्यात चालत नसे. रिअलनेटवर्क्सचा साधा प्लेअर फुकट मिळे आणि बरीचशी कमाई होई ती प्रक्षेपण करणाऱ्यांना सर्व्हरचे सॉफ्टवेअर विकून. जितक्या घरांत आपला प्लेअर, तितके आपले सर्व्हर खपणार, असा तो हिशेब होता. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याची फाइल आपल्या प्लेअरमध्ये चालवणे म्हणजे त्याच्याच रीतीचा प्रसार करणे. शिवाय त्यासाठी परवाना त्याच्याकडूनच घ्यायचा, तोही तो देईल तेव्हा आणि सांगेल त्या किमतीला. प्लेअर लिहिणाऱ्या अभियंत्यांना हे जमत नव्हते, असे मुळीच नाही. हा वाद एवढा वाढला, की विंडोजबरोबर मीडिया प्लेअर बांधून विकल्याच्या आणि इतर गैरप्रकारांच्या कारणावरून युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि प्लेअर नसलेली विंडोज विकायला लावली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने रिअलनेटवर्क्सशी ७६ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली.

रीत गुप्त नसली तरी दुसरी अडचण उरते, ती पेटंटची. २०१३ मध्ये आलेल्या एचईव्हीसी रीतीचे मानक कोणालाही वाचता येते, परंतु ती वापरण्याचे शुल्क एकाहून अधिक पेटंटधारकांना द्यावे लागते. २०१७ पासून आयफोन याच रीतीने चित्रण करतात. नवऱ्या मुलाच्या पुण्याच्या आतेभावाने हौसेने काढलेली हळदीची क्लिप इथल्या साध्या संगणकावर आवाज ऐकवते, चित्र दाखवत नाही, आणि विंडोज जोडसॉफ्टवेअर विकत घ्यायला सांगते, ते यामुळे.

पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला आणि २००१ मध्ये मूळ कोडसह सर्वांना खुला केलेला व्हीएलसी हा प्लेअर आज रिअलचीही फाइल उघडतो आणि मायक्रोसॉफ्टचीही. कंपन्यांनी त्यासाठी फारसे काही केलेले नाही. स्वयंसेवी प्रोग्रामरांनी एकेक फाइल बाइट-बाइट उलगडून यातल्या बऱ्याच रीती शोधून काढल्या, त्या कष्टाचे हे फळ आहे. या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. एका प्रोग्रामचा दुसऱ्याशी मेळ बसवण्यासाठी लागणारी माहिती सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक कृती करण्याची मुभा आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येही आहे. पण बाजारात येणाऱ्या प्रत्येक स्वस्त डीव्हीआरमागे या स्वयंसेवकांनी किती धावायचे?

सांगली जिल्ह्यातील बाजार समित्या, ग्रामपंचायती, पतसंस्था, साखर कारखाने आणि गृहनिर्माण संस्था दरवर्षी कॅमेरे बसवतात. त्यांच्या निविदेत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असतात, हार्ड डिस्कचे टेराबाइट असतात. चित्रण कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येईल, याचा उल्लेख मला आजवर एकाही निविदेत दिसलेला नाही. केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्येच जाहीर केले आहे, तेच तत्त्व इथे लावायला हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचे, त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा, लिहावे लागते. फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलली की हे मूल्य बदलते. म्हणून 'नंतर रूपांतर करून घेऊ' हा दिलासा पुरेसा नाही. यंत्रातून पहिल्यांदा बाहेर पडणारी फाइलच कोणत्याही संगणकावर उघडणारी हवी.

माझी विनंती एवढीच, की खरेदीच्या अटींत पुढील वाक्य घालावे: 'चित्रण वेळेच्या नोंदीसह, कंपनीच्या प्लेअरशिवाय चालेल अशा एमपी४ फाइलमध्ये, पुन्हा न आवळता काढता आले पाहिजे.' बिल अदा करण्यापूर्वी दहा मिनिटांचे चित्रण पेन ड्राइव्हवर घेऊन ते कार्यालयातल्याच दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावे. ज्या संस्थेला ही चाचणी करून हवी असेल, तिला मी ती माझ्या दुकानात विनामूल्य करून देईन.

आपला,
एक व्हिडिओ व्यावसायिक, विश्रामबाग, सांगली