रक्तातले लायपेज गोळीने वाढत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लायपेजवरचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून हे पत्र. ‘मेद पचवणारे एन्झाइम वाढवा, रक्तातली चरबी आपोआप घटेल’ असे लेखकाने लिहिले आहे, वर त्यासाठी गोळ्याही सुचवल्या आहेत. हे चुकीचे आहे, आणि आमच्यासारख्या घरांसाठी धोक्याचेही.

स्वादुपिंडातून आतड्यात उतरणारे लायपेज अन्नातला मेद फोडते. त्याचे काम तिथेच संपते. शोषला गेलेला मेद पुढे कायलोमायक्रॉन नावाच्या कणांतून रक्तात येतो आणि तिथे त्याला फोडायला वेगळे एन्झाइम लागते, लिपोप्रोटीन लायपेज. ते स्नायूंत आणि मेदपेशींत तयार होते, केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर जाऊन बसते आणि वाहत्या कणांतले ट्रायग्लिसराइड, म्हणजे मेदाचा मुख्य प्रकार, फोडते. गोळीतले लायपेज रक्तात पोहोचतच नाही. स्वादुपिंड निकामी झालेल्यांना, सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराच्या मुलांना त्या गोळ्यांचा मोठा आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रक्तातल्या ट्रायग्लिसराइडसाठी त्या घेऊन काहीही साधत नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या शरीरात हे दुसरे एन्झाइम जन्मापासून काम करत नाही. लहानपणी त्याचे पोट सारखे दुखायचे. शाळा चुकवायची सवय, असे सगळे म्हणायचे. कॉलेजात असताना स्वादुपिंडाला सूज येऊन तो रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले, ‘पितोस का?’ मद्य हे या दुखण्याचे मोठे कारण आहे, त्यामुळे प्रश्न रास्त होता. पण ‘नाही’ हे उत्तर कोणी मानलेच नाही. आईला बाहेर पाठवून त्याला पुन्हा विचारले, मग मला बाजूला घेऊन विचारले. डिस्चार्जच्या कागदावर ‘मद्यपानाची शक्यता’ असा शेरा आला, आणि पुढच्या प्रत्येक वेळी नव्या डॉक्टरांच्या हाती आधी तोच कागद पडला. वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले. ते मी आजही विसरू शकत नाही.

उत्तर नळीत उघड दिसत होते. प्रयोगशाळेने रक्ताचा नमुना ‘लायपेमिक (मेदाने गढूळ), तपासणीस अयोग्य’ म्हणून परत केला, कारण वरचा द्रव दुधासारखा पांढरा होता. पुन्हा रक्त काढले, पुन्हा तोच शेरा. तो पांढरा का, हे कोणीच विचारले नाही. उपाशी ठेवून सलाइन लावल्यावर रक्त निवळले, मग तपासण्या झाल्या आणि आकडे बरे आले. आजाराचा पुरावाच खराब नमुना म्हणून फेकला गेला!

अखेर एका तरुण निवासी डॉक्टरने ती नळी उजेडात धरून पाहिली आणि ट्रायग्लिसराइड तपासायला पाठवले. ते दर डेसिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅमच्या आत असायला हवे. १००० च्या पुढे स्वादुपिंडाला सुजेचा धोका असतो. भावाचे काही हजारांत निघाले. कोपरांवर आणि पाठीवर येणारे पिवळट पुरळ, ज्याला इतकी वर्षे घामोळे म्हटले जात होते, तेही मेदाचेच होते. जनुक तपासणीने पुढे शिक्कामोर्तब केले. हॅवेल आणि गॉर्डन या संशोधकांनी अशा रुग्णांत हे एन्झाइम कमी असल्याचे १९६० मध्ये दाखवले होते. म्हणजे हे ज्ञान नवे नाही.

पूर्ण अभाव दुर्मीळ आहे, साधारण दहा लाखांत एक. पण अनियंत्रित मधुमेहातही हेच एन्झाइम मंदावते, कारण त्याला इन्सुलिनची साथ लागते, आणि असे रुग्ण तर घरोघरी आहेत. लेखात याचा उल्लेख नाही. भावासारख्यांना दिवसाला जेमतेम वीस ग्रॅम मेदावर आयुष्य काढावे लागते, नेहमीच्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही, हेही नाही. युरोपने २०१२ मध्ये यासाठी जनुकोपचार मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो बाजारातून गेला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ओलेझारसेन या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते यकृतातल्या एका प्रथिनाला आवर घालते आणि ट्रायग्लिसराइड उतरवते. आम्ही अशा बातम्यांची वाट पाहत असतो. त्या पुरवणीत याव्यात, एवढीच अपेक्षा होती.

डॉक्टर वाचकांना हात जोडून विनंती आहे. स्वादुपिंडाच्या रुग्णाचा नमुना पांढरा म्हणून परत आला, तर त्याच दिवशी ट्रायग्लिसराइड तपासा, आणि तोवर त्याच्या कागदावर दारूचा शेरा मारू नका.

आणखी एक. लेखाच्या थेट खाली पाचक एन्झाइमच्या गोळ्यांची जाहिरात होती. सल्ला आणि जाहिरात एकाच पानावर शेजारी-शेजारी आल्यावर वाचकाने काय समजायचे? दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात छापावी, आणि त्या दिवशी तिथे ती जाहिरात नसावी.

आपली,
एक जुनी वाचक