मॉड ॲडम्स, उदयपूर आणि मुरगाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत स्वीडिश अभिनेत्री मॉड ॲडम्स यांच्यावर आलेला लेख वाचला. विषय छान, पण त्यात दोन चित्रपटांची सरमिसळ झाली आहे. लेखात म्हटले आहे तसे ‘ऑक्टोपसी’ या जेम्स बाँडपटाचे (१९८३) चित्रीकरण गोव्यात झालेले नाही. त्यातला तळ्यातला महाल म्हणजे उदयपूरच्या पिछोला तलावातला जगनिवास, आणि खलनायकाचा डोंगरावरचा राजवाडा म्हणजे उदयपूरजवळचाच सज्जनगड. त्यात बाँड झालेले रॉजर मूर गोव्यात आले होते खरे, पण ‘द सी वुल्व्हज’साठी (१९८०). मुरगाव बंदरातल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावर १९४३ साली पडलेल्या छाप्याची ती गोष्ट. ‘आम्ही बाँडचं शूटिंग पाहिलं’ असे सांगणारे आपल्याकडचे लोक बहुधा हेच शूटिंग पाहून आलेले असतात! त्यात ॲडम्सबाई नाहीत.

‘बाँडपटात दोनदा आलेली एकमेव अभिनेत्री’ हेही बरोबर नाही. मार्टिन बेस्विक त्यांच्या आधीच लहान भूमिकांत दोनदा येऊन गेली होती. दोन वेगळ्या आणि मोठ्या भूमिका मात्र ॲडम्स यांच्याच.

खटकले ते हे, की त्यातल्या पहिल्या भूमिकेला, १९७४च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ला, लेखात जेमतेम एक ओळ मिळाली. ॲडम्स यांचा मॉडेलिंगचा अनुभव पडद्यावर कुठे कामी येतो, हे तिथेच दिसते. बँकॉकमधल्या मुष्टियुद्धाच्या आखाड्यात, आरडाओरडा करणाऱ्या गर्दीत त्या बसल्या आहेत. बाँड शेजारी येऊन बोलू लागतो. उत्तर नाही. डोळे उघडे, छातीवर रक्ताचा छोटासा डाग. हे दिसायला सोपे, करायला महाकठीण. पापणीची एक उघडझाप सेकंदाचा दहावा ते तिसरा भाग घेते. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने ती दोन ते आठ फ्रेममध्ये उमटते आणि मेलेली बाई जिवंत होते. दिव्यांच्या उष्णतेने डोळे कोरडे पडतात, पाणी येते, टेक वाया जातो. श्वास पूर्ण भरून रोखला तर गळ्याची शीर उडताना दिसते. अर्धा सोडून रोखावा लागतो. तासन्‌तास स्थिर राहण्याची सवय असलेल्या मॉडेलला हे जमते.

उलट बाजूही आहे. फोटोत लेन्सकडे बघायचे असते, सिनेमात तिकडे नजर गेली की शॉट फुकट. फोटोत एक क्षण साधला की झाले. सिनेमात चालत येऊन, खाली न बघता जमिनीवर आखलेल्या नेमक्या मार्कवर थांबावे लागते. वीतभर पुढेमागे झाले तरी क्लोज-अपमध्ये फोकस जातो. आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ! ‘ऑक्टोपसी’त महालाचे बाहेरचे दृश्य उदयपूरच्या उन्हातले, तर आतल्या दालनांचे सेट इंग्लंडमधल्या पाइनवूड स्टुडिओतले. दारातून आत पाऊल टाकेपर्यंत देश बदललेला असतो. केसांचा भांग, चालण्याची गती आणि चेहऱ्यावरचा भाव मात्र तोच हवा.

शेवटी लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. साडीचे टोक सज्जाच्या कठड्याला बांधून गिरक्या घेत खाली उतरणारी ती बाई मॉड ॲडम्स नव्हे. ती ‘ऑक्टोपसी’तली मॅग्डा, म्हणजे अभिनेत्री क्रिस्टिना वेबॉर्न. तीही स्वीडिश, १९७०ची मिस स्वीडन. छायाचित्राखालच्या ओळीतले नाव तेवढे दुरुस्त करावे.

– काही चित्रपटप्रेमी वाचक, फोंडा