एसीचा गॅस दरवर्षी जातो तरी कुठं?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की गॅरेजांवर 'एसी गॅस भरून मिळेल' असे बोर्ड लागतात आणि गाडीचा एसी कधी गार कधी कोमट मारायला लागला की आपणही सरळ तिथंच गाडी लावतो. बोनेट उघडायच्या आधीच निदान तयार, "गॅस कमी झालाय". दीड-दोन हजार जातात, पंधरा दिवस बरं चालतं, मग ये रे माझ्या मागल्या. मी अकोल्यात भाड्याची गाडी चालवतो, मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसला टेकतो आणि मागचं गिऱ्हाईक भाड्यावरून कमी, एसीवरून जास्त भांडतं, म्हणून लिहितोय.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तोच तो आत फिरत राहतो. होजमधून वर्षानुवर्षं थोडाफार झिरपतो ते सोडा, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठंतरी लीकेज आहेच. गॅससोबत कॉम्प्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) ऑइलही फिरतं, त्यामुळे लीक असेल त्या जॉइंटवर बहुतेक वेळा तेलकट काळी धूळ चिकटलेली दिसते, टॉर्च मारून बघायला दोन मिनिटं लागतात, पण बघतो कोण!

आणि एसी कधी चालतो कधी नाही म्हणजे गॅसच, असंही नसतं. हायवेला मस्त गार आणि सिग्नलला उभं राहिलं की गरम हवा येत असेल तर आधी पुढचा फॅन फिरतोय का बघा, फॅनचा रिले (चालू-बंद करणारा स्विच) गेलेला असतो नाहीतर कंडेन्सर, म्हणजे गॅस थंड करणारी पुढची जाळी, माती-किड्यांनी बुजलेला असतो. तासभर चालून हवाच कमी यायला लागली, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की गाडीखाली धो धो पाणी आणि परत सगळं ठीक, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, मग सेन्सर बघा, केबिन फिल्टर बघा. (बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या खणामागे असतो, एकदा काढून बघाच, पिंपळाची अख्खी पानं निघतात.) गॅस कमी असला तरीही बर्फ धरू शकतो, म्हणून अंदाजाने नाही, कमी आणि जास्त प्रेशरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर मोजायचं गेज लावूनच ठरवायचं. सकाळी चालू, दुपारी इंजिन तापलं की बंद, हे दुखणं जुन्या गाड्यांत एसी कॉम्प्रेसरला जोडणाऱ्या क्लचचंही असतं, गॅप वाढला की तापल्यावर क्लच पकडतच नाही, 'टक' आवाज येत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. कंपनीने किती ग्रॅम गॅस भरायचा ते बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. अंदाजाने जास्त भरला की प्रेशर वाढतं, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, थंड झालं की परत चालू. म्हणजे ज्या तक्रारीसाठी गेलो तीच पैसे देऊन घरी आणायची! शिवाय जुना गॅस हवेत सोडून देतात ते वेगळंच, गाडीच्या एसीत वापरतात तो १३४ए गॅस एक किलो सोडला की तेराशे किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतका ताप पृथ्वीला होतो.

सगळेच मेकॅनिक लबाड नाहीत, नायट्रोजनने लीक शोधून, अर्धा तास व्हॅक्यूम करून (आतली हवा-ओल पंपाने ओढून), वजनावर गॅस भरणारेही आहेत, पण त्यांना वेळ लागतो आणि गिऱ्हाइकाला घाई असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय, म्हणजे या रांगेत आता ट्रकवालेही येणार. पेट्रोल पंपावर वजनमापेवाले येऊन माप तपासतात, मग इथं किती ग्रॅम काढला, किती भरला आणि लीक कुठं सापडलं एवढं बिलावर लिहायची सक्ती करायला काय हरकत आहे? संबंधित खात्याने यात लक्ष घालावं ही विनंती.

आपला,
एक टुरिस्ट गाडीवाला, अकोला