‘तुमची मापं बरोबर आहेत’ असं लिहिणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुम्हाला आभाराचं पत्र आधीच पाठवलं आहे. तरी हे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे केलंत ते आणखी चार जणांना कळायला हवं असं मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. रुबिडियम ऑसिलेटरची, म्हणजे रुबिडियमच्या अणूंच्या आधाराने अचूक ठोके देणाऱ्या उपकरणाची, 10 मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सी किती खरी आहे, ते जीपीएस उपग्रहांच्या रेडिओ सिग्नलवरून मिळणाऱ्या सेकंदाच्या पल्सशी ताडून पाहायचं होतं. 10 मेगाहर्ट्झचं एक आवर्तन अवघ्या 100 नॅनोसेकंदांचं. ऑसिलेटर दहा अब्जांत एका भागाने जरी ढळला, तरी दिवसभरात 8.64 मायक्रोसेकंद सरकतो, म्हणजे 86 आवर्तनं ओलांडतो. मग कुठलं आवर्तन कशाशी जुळवायचं हेच कळेनासं होतं. म्हणून सिग्नलला एक कोटीने भागायचं आणि सेकंदाला एकच पल्स काढायचा. यासाठी मी एक तयार डिव्हायडर बोर्ड (असा भागाकार करणारं सर्किट) घेतला, आणि दोन्ही पल्समधल्या अंतराचा ग्राफ उड्या मारायला लागला. दुपारी खोली तापली की रेघ वर, रात्री पुन्हा खाली.

बोर्ड विकणाऱ्याने सांगितलं की बोर्ड उत्तम आहे, तुमचं रुबिडियमच संपत आलंय. एका जाणकारांनी ‘घरच्या टेबलावर नॅनोसेकंद मोजता येत नाहीत’ म्हणून विषय मिटवला. दुसऱ्यांनी वेळ मोजणारा महागडा काउंटर घ्यायला सुचवलं. पाठवलेला ग्राफ यांपैकी कोणीही नीट पाहिला नव्हता, हे त्यांच्या उत्तरांवरून स्वच्छ दिसत होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही काहीही सुचवण्याआधी एवढंच विचारलंत, ‘उडी नेमकी किती नॅनोसेकंदांची आहे?’ आणि माझे कच्चे आकडे मागवून घेतलेत. त्यानंतर तुमच्या वहीच्या पानाचा फोटो आला. माझा ग्राफ तुम्ही हाताने पुन्हा काढला होता. प्रत्येक उडीभोवती पेन्सिलीने गोल, शेजारी बारीक अक्षरात अधिक 100, उणे 100, पुन्हा अधिक 100. आणि सगळ्यात वर, खाली रेघ ओढून: ‘तुमची मापं बरोबर आहेत.’

मॅडम, पुढचं सगळं शिकण्यासारखं होतंच, पण मला धरून ठेवलं ते त्या ओळीने. इतके दिवस प्रत्येक जण माझ्या उपकरणावर, नाहीतर माझ्यावर संशय घेत होता. माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून विचार सुरू करणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

कारण तुम्ही समजावलंत ते असं. रुबिडियम हळूहळू सरकेल, पण नेमकं एक आवर्तन पुढे जाऊन तेवढंच मागे येणार नाही. ते काम मोजणाऱ्या साखळीचंच. बोर्डात दहाने भागणारे सात काउंटर एकामागे एक होते, प्रत्येक जण आधीच्याची वाट पाहणारा. शेवटी एक फ्लिप-फ्लॉप, म्हणजे घड्याळ-सिग्नलची कड आली की समोरचा सिग्नल पुढे सोडणारं छोटं सर्किट, मूळ 10 मेगाहर्ट्झवर चालणारा, जेणेकरून पल्सची कड स्वच्छ निघावी. कल्पना चांगलीच आहे. पण सातही टप्प्यांचा मिळून उशीर त्या 10 मेगाहर्ट्झ सिग्नलच्या एका कडेला अगदी चिकटून आला होता. उष्णतेने चिप किंचित मंदावली की फ्लिप-फ्लॉपला ती कड चुकायची आणि पल्स पुढच्या कडेवर, पूर्ण 100 नॅनोसेकंद उशिरा निघायचा. साखळीच्या मध्येच आणखी एक फ्लिप-फ्लॉप घालून उशीर तिथल्या तिथे संपवा, हा तुमचा उपाय. तो लागू पडला.

त्याच पानाच्या कोपऱ्यात, मी विचारलंही नसताना, लाँगवेव्हवरून (कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरींवरून) अचूक फ्रिक्वेन्सी प्रसारित करणाऱ्या केंद्रांशी 10 मेगाहर्ट्झ ताडण्यासाठी कशाला कितीने भागायचं, ते लिहिलेलं होतं. 60 किलोहर्ट्झला 3 ने भागा आणि 10 मेगाहर्ट्झला 500 ने, दोन्ही 20 किलोहर्ट्झवर भेटतात. जर्मनीच्या डीसीएफ 77 या वेळ-प्रसारण केंद्राचे 77.5 किलोहर्ट्झ असतील तर 31 आणि 4000, भेट 2.5 किलोहर्ट्झवर. बोलताबोलता एकदा मी लाँगवेव्हचा विषय काढला होता, तो तुम्ही लक्षात ठेवलात!

ज्ञान असलेली माणसं बरीच भेटतात. समोरच्याचं काम आधी पाहावं, मग बोलावं, एवढी सभ्यता बाळगणारी फार थोडी. तिला पैसा लागत नाही, पदवी लागत नाही, अर्धा तास लागतो. तो अर्धा तास तुम्ही एका अनोळखी माणसाला दिलात, आणि उत्तर देताना एकदाही मला लहान वाटू दिलं नाहीत.

आता ग्राफवर उड्या नाहीत. एक सरळ तिरकी रेघ आहे, दिवसाला 0.9 मायक्रोसेकंदाच्या आसपास, म्हणजे साधारण शंभर अब्जांत एक भाग. ज्या रुबिडियमला लोकांनी मोडीत काढलं होतं, ते ठणठणीत आहे.

तुमच्या आकृतीची स्वच्छ प्रत मी काढली आहे. असाच बोर्ड घेऊन अडलेल्या कोणी विचारलं, तर तुमचं नाव न लिहिता ती द्यायची इच्छा आहे. तुमची हरकत नसेल तर तसं कळवा. घाई मुळीच नाही.

आपला कृतज्ञ,
उड्यांच्या ग्राफवाला